तापाचा पहारा

पैनगंगेच्या अलीकडच्या काठाला माझं आजोळ. नदीपलीकडे आदिलाबाद जिल्हा, आजीच्या तोंडी एदलाबाद. पलीकडच्या डोंगराचा विषय निघाला की ती एवढंच म्हणायची, "त्या मुलखाचं पाणी लागतं." कापसाची जमीन बघायला म्हणून गेलेली माणसं दिवाळीच्या आत परतायची. तोंडं पिवळी, पोटात पाणथरी वाढलेली, दर तिसऱ्या दिवशी हुडहुडी भरून येणारी. कोयनेलच्या गोळ्यांनी कान गुणगुणायचे, तरी ताप हटायचा नाही. मग त्या जमिनीचं नाव घरात पुन्हा निघत नसे.

आजीच्या धाकट्या दिरानं मात्र १९५० नंतर काही वर्षांनी उटनूरच्या बाजूला जमीन केली. त्याला पाणी लागलं नाही. तो तिथं राहिला, त्याची मुलं तिथं वाढली, कापूस पिकला. "त्याचं नशीब," असं आजी म्हणायची. ती जमीन आधी कोण कसत होतं, हे आमच्या घरात कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. मीही विचारलं ते फार उशिरा, सांगू शकणारी माणसं गेल्यावर.

या लेखात मला त्या नशिबाबद्दल बोलायचं आहे. पाणी लागायचं थांबलं ते का, आणि ते थांबल्यामुळे कुणाचं काय गेलं?

वसाहती आणि रोगराई यांची जगाला ठाऊक असलेली गोष्ट वेगळ्या क्रमाने घडते. स्पॅनिश लोक मेक्सिकोत उतरले आणि १५२० साली त्यांच्याबरोबर आलेल्या देवीने अ‍ॅझ्टेकांच्या राजधानीत प्रेतांचे खच पाडले. पुढच्याच वर्षी ते शहर पडलं. आपल्या अंदमानातही तेच झालं. १८५८ साली इंग्रजांनी तिथं कैद्यांची वसाहत वसवली, १८७७ साली गोवर आला, त्याआधी आणि नंतर उपदंश आला, आणि हजारोंच्या संख्येने असलेले ग्रेट अंदमानी शंभर वर्षांत बोटांवर मोजण्याइतके उरले. या गोष्टींत रोग वसाहतवाल्याच्या पुढे चालतो, रान मोकळं करतो, आणि मागून येणारा माणूस म्हणतो की ही भूमी रिकामीच होती.

आदिलाबादच्या डोंगरात रोग उलट्या बाजूला उभा होता. तो बाहेरच्याला आत येऊ देत नव्हता. हिवताप हा त्या पठाराचा पहारेकरी होता. पहारा उठला आणि पठार गेलं. एवढंच माझं म्हणणं आहे, पण ते नीट समजून घ्यायचं तर थोडं मागं जावं लागेल.

या जिल्ह्यातले मूळचे रहिवासी म्हणजे राजगोंड, कोलाम, नायकपोड, परधान, थोटी, आंध. चांदा, माणिकगड, सिरपूर, उटनूर ही गोंडांच्या सत्तेची ठाणी होती. १७५१ साली नागपूरकर भोसल्यांनी चांद्याचं गोंड राज्य संपवलं. पुढे पैनगंगेच्या दक्षिणेचा हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात राहिला. उत्तरेकडून कुणबी, माळी, महार, ब्राह्मण येत होते, दक्षिणेकडून कोमटी आणि तेलुगू शेतकरी. आधी भरल्या नदीकाठच्या काळ्या जमिनी. तिथं कापूस होतो, बैलगाडी चालते, बाजार जवळ असतो. संस्थानात दिवाण सालारजंगाच्या काळापासून महसुलाची नवी पद्धत आली, तिच्याबरोबर पट्टा आला. ज्याच्या नावावर पट्टा त्याची जमीन. गोंडांची रीत अशी की काही वर्षं एक रान कसायचं, मग ते पडीक ठेवून दुसरीकडे जायचं, आणि पुन्हा फिरून यायचं. पडीक ठेवलेली जमीन म्हणजे सोडलेली जमीन नव्हे, हे त्यांच्या मनात इतकं स्पष्ट होतं की ते कुठं लिहून ठेवायचं असतं असं त्यांना वाटलंच नाही. तहसिलीत लिहिलं गेलं ते दुसऱ्याच्या नावाने.

एकोणिसशे वीसच्या दशकाच्या शेवटी काझीपेठ ते बल्लारशा हा लोहमार्ग पुरा झाला आणि मद्रास-दिल्ली रेल्वे या जंगलातून धावू लागली. त्याच सुमारास जंगलखात्याने राखीव जंगलाच्या रेषा आखल्या. सागाला भाव होता. कोलामांची वस्ती तर टेकडीच्या उतारावर, खणतीने खणून पेरायची. त्यांच्या शेतीला कायद्यात जागाच उरली नाही. खालून वसाहत आणि वरून जंगलखातं, या दोन्हींच्या मध्ये जी उंच पट्टी उरली, उटनूर, जैनूर, नारनूर, तिर्याणी या बाजूची, तिथं गोंड आणि कोलाम सरकत गेले. तिथं फक्त तापाचा पहारा होता.

हा पहारा चालायचा कसा? हिवतापाचा जंतू डासाच्या पोटात वाढतो हे रोनाल्ड रॉसने पाहिलं ते १८९७ च्या ऑगस्टमध्ये, सिकंदराबादेजवळच्या बेगमपेटला, म्हणजे याच निजामाच्या राज्यात. डोंगरातले झरे आणि ओहोळ पावसाळा सरताना मंद वाहू लागतात, त्यांच्या काठच्या गवतात अनोफिलिस डासाची पैदास होते, आणि आश्विन-कार्तिकात ताप कळसाला पोचतो. म्हणजे नेमका तेव्हाच, जेव्हा बाहेरून आलेला कुणबी पहिल्या पिकाच्या राखणीला माळ्यावर झोपलेला असतो. त्याच्या रक्ताला या जंतूची ओळख नसे. एका हंगामात तो आडवा पडायचा.

तिथं जन्मलेल्याच्या शरीराला ही ओळख असे. पण ती मिळवण्याची किंमत फार मोठी होती. वारंवार ताप येऊन येऊन शरीर त्याला तोंड द्यायला शिकतं, आणि हे शिकण्याचं वय म्हणजे पहिली चार-पाच वर्षं. त्यात जी मुलं टिकली ती मोठी झाली. जी टिकली नाहीत त्यांची नावंही कुठं नाहीत. आणखी एक गोष्ट रक्तातच होती. पिढ्यान्‌पिढ्या हिवतापाच्या मुलखात राहिलेल्या समाजांत सिकलसेलचं जनुक टिकून राहतं, कारण ते आईवडिलांपैकी एकाकडूनच आलं असेल तर जिवावर बेतणाऱ्या हिवतापापासून माणूस बऱ्याच अंशी वाचतो. दोघांकडून आलं तर मात्र त्या मुलाचं आयुष्य सांधेदुखीत, रक्तक्षयात आणि अकाली मरणात जातं. भारतात हा आजार १९५२ साली प्रथम नोंदला गेला, नीलगिरीच्या आदिवासींत. मध्य भारताच्या गोंड-परधानांतही तो पुढे सापडत गेला.

म्हणून मला एक गोष्ट आत्ताच सांगून टाकायची आहे. ताप हा आदिवासींचा मित्र होता, असं मी म्हणत नाही. मुलं पुरून राखलेल्या जमिनीला कुणी सुखाची जमीन म्हणू नये. शहरात बसून जुन्या रानाचे गोडवे गाणारं लेखन माझ्या वाचनात येतं तेव्हा मला त्या लेखकांना वाढलेल्या पाणथरीचं पोट दाखवावंसं वाटतं. मी एवढंच म्हणतो की दुसरं कुठलंच संरक्षण, कायदा, पट्टा, कचेरी, पोलीस, काहीच त्यांच्या बाजूला नव्हतं. आणि म्हणून एका रोगाकडे ते काम आलं होतं.

पहारा एका रोगापुरता होता. बाकीचे रोग आत येतच होते, आणि ते आमच्या बाजूने येत होते. मीठ जंगलात होत नाही. मिठासाठी, कापडासाठी, लोखंडी फाळासाठी आठवडी बाजारात उतरावंच लागे. मोह, चारोळी, डिंक, मध घेऊन यायचं आणि मीठ घेऊन जायचं, माप सावकाराचं. याच वाटेने देवी येई आणि पटकी येई. १९१८ च्या इन्फ्लुएंझाचा देशात सर्वाधिक फटका बसलेल्या प्रांतांत मध्य प्रांत-वऱ्हाड होता, म्हणजे नदीच्या अलीकडचा, आमचा मुलूख. त्या तापाला अनोफिलिस लागत नव्हता, माणूस पुरेसा होता, आणि रेल्वेने माणूस कुठंही पोचत होता.

रोग बाहेरून येतो हे गावांना पुस्तकाशिवाय कळत होतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीची मिरवणूक निघते, तिच्याबरोबर इडापिडा आणि रोगराई शहराबाहेर घालवायची असते. गोंडांच्या गावांतही पोळ्यानंतरच्या पहाटे माणसं रोगराईला शिवेबाहेर हाकलायला निघतात. बैलांचा सण एकच, मागणंही एकच. मला या साम्याचं नेहमी नवल वाटतं आणि वाईटही वाटतं. दोन समाज एकाच दिवशी एकाच गोष्टीला घाबरत होते, एकाच पावसाकडे डोळे लावून बसत होते, आणि तरी सावकाराच्या वहीत एक देणेकरी होता आणि एक घेणेकरी.

इथं शब्द जपून वापरायला हवेत. नदीपलीकडे गेलेला प्रत्येक मराठी माणूस सावकार नव्हता. वतनदाराच्या जाचातून सुटायला गेलेले महार होते. माणिकगड पहाडावर, आजच्या जिवती तालुक्यात, १९७२ च्या दुष्काळाने देशोधडीला लागलेली मराठवाड्यातली दलित आणि बंजारा कुटुंबं आली. त्यांनी दगड वेचून शेतं केली, आणि आजही त्या सीमेवरच्या काही गावांत दोन राज्यांची रेशनकार्डं आणि दोन राज्यांचं मतदान अशी त्रिशंकू अवस्था आहे. भाषेची रेषही सरळ नाही. आदिलाबादचे परधान घरात मराठी बोलतात, आंधांची तर ती मायबोलीच. तेव्हा 'मराठी विरुद्ध गोंड' असा सोपा हिशेब मांडता येणार नाही. पण हिशेब सोपा नाही म्हणून तो मांडायचाच नाही, ही पळवाट झाली. गरिबाने गरिबाची जमीन घेतली तरी ज्याची गेली त्याची ती गेलीच.

जंगलखात्याचा जाच, चराईची फी, उठवलेल्या वस्त्या, पेटवलेल्या झोपड्या, यातून गोंडांचा पुढारी कोमराम भीम उभा राहिला. जल, जंगल, जमीन ही मागणी आज देशभर घेतली जाते, ती त्याच्या नावाशी जोडलेली आहे. चांद्यात तो लिहायला-वाचायला शिकला आणि आसामच्या चहामळ्यात मजुरी करून आला, असं सांगतात. १९४० साली जोडेघाटच्या डोंगरात निजामाच्या पोलिसांनी त्याला आणि त्याच्या साथीदारांना गोळ्या घातल्या. आश्विन पौर्णिमेला तिथं अजून लोक जमतात.

त्यानंतर निजाम सरकारला एकदम प्रश्न पडला की या लोकांना हवं तरी काय होतं. उत्तर शोधायला क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हा ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ आला. महायुद्ध सुरू झालं तेव्हा त्याच्याकडे जर्मन पासपोर्ट होता, त्यामुळे शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून त्याला निजामाच्या हद्दीबाहेर जायची मोकळीक नव्हती. तो आणि त्याची पत्नी बेटी मारलावाईला गोंडांमध्ये राहिले. त्याच्या अहवालांवरून आणि महसूल सदस्य ग्रिग्सन यांच्या पाठबळावर चाळीसच्या दशकात एक काम झालं, जे मला आजही अद्‌भुत वाटतं: आदिवासी कुटुंबांच्या नावाने लाखाहून अधिक एकर जमिनीचे पट्टे झाले. १९४३ साली मारलावाईत गोंड शिक्षकांचं प्रशिक्षण केंद्र निघालं आणि गोंडी भाषेत पुस्तकं तयार झाली, देवनागरीत. केसलापूरच्या नागोबा जत्रेत अधिकाऱ्यांनी बसून तक्रारी ऐकायच्या, हा दरबारही तेव्हापासूनचा.

या कामात एक मराठी माणूस होता, त्याचं नाव मराठी वाचकाने इथं आठवायला हवं. सेतुमाधवराव पगडी. शिवकालाचे अभ्यासक म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण हैदराबाद संस्थानच्या सेवेत असताना ते आदिलाबादेत होते, गोंडांमध्ये वावरले, त्यांची भाषा शिकले आणि तिचं व्याकरण लिहिलं. नदी ओलांडून जमिनीसाठी गेलेले पुष्कळ होते. भाषा शिकायला गेलेला हा एक.

आता मी मूळ मुद्द्यावर येतो. पट्टे झाले, पण पट्ट्याच्या मागं पहारा लागतो. कागद टिकवायला तहसीलदार लागतो, न्यायालय लागतं, वाचता येणारा मुलगा लागतो. हे सगळं रुजायच्या आत १९५३ साली देशभर राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. घरोघर भिंतींवर डीडीटी मारलं जाऊ लागलं. स्वातंत्र्याच्या वेळी देशात दरवर्षी साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख माणसं मरत, असा अंदाज होता. १९६५ पर्यंत रुग्णांची नोंद एक लाखाच्या आसपास उतरली. आपल्या आरोग्य इतिहासातलं इतकं मोठं यश दुसरं सांगता येणार नाही. फवारणीवाल्याने पाठीवर पंप घेऊन, नाले ओलांडून जे केलं त्यापुढे मी हात जोडतो. त्यामुळेच डोंगरातली मुलंही जगली.

आणि त्याच फवारणीमुळे आमच्या आजीच्या दिराला पाणी लागलं नाही.

पठार आता बाहेरच्याला राहण्याजोगं झालं. रस्ते आले, मोटार आली, कापसाला भाव आला, आणि नदीकाठी जे पन्नास-साठ वर्षांत झालं ते पठारावर पंधरा-वीस वर्षांत झालं. उधारी, गहाण, साक्षीदाराचा अंगठा, मग नांगर. जमीन गोंडाच्या नावावर आणि पीक दुसऱ्याच्या खळ्यावर, हीही रीत पडली. बिगर-आदिवासींना अनुसूचित क्षेत्रातली जमीन घेण्याला बंदी करणारा आंध्रचा १९५९ चा नियम तेलंगणात लागू झाला तो १९६३ साली. तो घट्ट करणारी दुरुस्ती, ज्याला तिथं सगळे 'वन ऑफ सेव्हंटी' म्हणतात, ती १९७० ची. डास मारणारा पंप १९५३ साली निघाला होता. आरोग्याची यंत्रणा आणि जमिनीचा कायदा यांच्या पोचण्यातलं हे अंतर हीच माझ्या मते आदिलाबादची शोकांतिका आहे. दोन्ही एकाच सरकारची कामं होती. एक पुढे धावलं आणि दुसरं मागून रखडत आलं, आणि मधल्या वर्षांत जमीन हातची गेली.

हे आदिलाबादेतच घडलं असंही नाही. नेपाळच्या तराईत थारू लोक शतकानुशतकं हिवतापाच्या आश्रयाने राहत होते. पन्नासच्या दशकात डीडीटी आलं, डोंगरावरचे लोक खाली उतरले, आणि थारूंपैकी कितीतरी आपल्याच जमिनीवर कमैया म्हणून वेठबिगार झाले. केरळच्या वायनाडची कहाणी याच जातीची आहे. त्रावणकोरचे शेतकरी चढून आले, सुरुवातीला तापाने मेले, मग ताप हटला, आणि तिथल्या आदिवासींच्या वाट्याला मजुरी उरली. तीन ठिकाणं, तीन भाषा, आणि क्रम तोच. तेव्हा याला योगायोग म्हणता येणार नाही. रोग हटवताना त्या रोगाआड कोण उभं आहे हे कुणी पाहिलं नाही.

आदिलाबादेत याचा हिशेब २० एप्रिल १९८१ रोजी इंदरवेल्लीत झाला. सोमवार होता, बाजाराचा दिवस. जमिनीच्या प्रश्नावर गोंडांची सभा ठरली होती, तिला परवानगी नाकारली गेली, तरी माणसं येत राहिली. पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा तेरा मृतांचा आहे. गोंड गावांतली माणसं त्याहून कितीतरी मोठा सांगतात.

इथं माझ्याच घरातला एक आवाज मला अडवतो, आणि तो मी टाळणार नाही. तो म्हणतो: देश एक आहे, माणूस पोटासाठी कुठंही जाईल, आम्ही घाम गाळला, रान साफ केलं, विहिरी खणल्या, मग आम्हाला वसाहतवाले कसं म्हणता? अमेरिकेतल्या गोऱ्यांशी आमची बरोबरी कशी करता? यातल्या घामाबद्दल मला शंका नाही. तो मी पाहिला आहे. पण वसाहत ही कातडीच्या रंगाने ठरत नाही. आलेल्याच्या मागं तहसील उभी राहते का, आणि आधीच असलेल्याच्या मागं कुणीच उभं राहत नाही का, यावरून ती ठरते. माझ्या आजोळच्या माणसांना पट्टा म्हणजे काय हे माहीत होतं, अर्ज कसा करायचा ते माहीत होतं, तलाठी ओळखीचा होता, त्याची भाषा आपली होती. घामाला घाम लागतो तसा कागदाला कागद लागतो, आणि दुसऱ्या बाजूला कागद नव्हता. बंजारा आणि गोंड यांच्यात २०१७ साली आदिलाबादेत जो उघड संघर्ष पेटला, त्याच्या तळाशीही हेच आहे. तेलंगणात बंजारा, म्हणजे तिथले लंबाडा, १९७६ च्या कायद्याने अनुसूचित जमातीत आले, महाराष्ट्रात बंजारा विमुक्त जातींत राहिले. नदी ओलांडली की कागद बदलत होता. दोन गरीब समाज एकमेकांवर धावून गेले, आणि ज्या व्यवस्थेने ही तफावत ठेवली तिच्यावर कुणी धावलं नाही.

आज त्या गावांत आजाराचं रूप काय आहे? हिवताप कमी झाला, संपला नाही. १९७६ साली देशात तो पुन्हा चौसष्ट लाखांवर गेला होता, म्हणजे पहारेकरी गेला तरी मारेकरी परत येतच राहिला. डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालच्या आदिवासी आरोग्य समितीने २०१८ मध्ये दिलेल्या अहवालात हे चित्र स्पष्ट आहे: देशाच्या लोकसंख्येत आदिवासी साडेआठ टक्क्यांच्या आसपास, हिवतापाच्या रुग्णांत सुमारे तीस टक्के, आणि हिवतापाच्या मृत्यूंत जवळजवळ निम्मे. म्हणजे तापाने जमिनीची राखण सोडली, आणि जीव घेण्याचं काम तेवढं चालू ठेवलं. त्याच्या जोडीला रक्तक्षय, क्षयरोग, कमी वजनाची बाळं. सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान २०२३ च्या जुलैत सुरू झालं, २०४७ चं लक्ष्य ठेवून. हिवतापाशी पिढ्यान्‌पिढ्या दिलेल्या झुंजीची खूण ज्या रक्तात राहिली, त्या रक्ताला आज 'कार्ड' मिळतं. जमिनीचं कार्ड मात्र अजून वादात असतं.

दर पावसाळ्यात या भागातल्या तापाच्या आणि हगवणीच्या बातम्या येतात, आणि त्यांच्या शेवटी 'अज्ञान' आणि 'अंधश्रद्धा' हे दोन शब्द असतात. मला या शब्दांची चीड आहे. ज्या घरात ज्वारी, सावा, रानभाजी, कंद होते, तिथं आज कापूस आहे. कापूस खाता येत नाही. तो विकून जे येतं त्यातलं बियाण्याचं आणि औषधाचं देणं आधी वळतं होतं, उरलेल्यात रेशनचा तांदूळ. हे अज्ञान नव्हे, जमाखर्च आहे. आपल्याच रानात मजूर झालेल्या बाईला लोहाच्या गोळ्या वाटून तिचं रक्त किती वाढणार? गोळ्या वाटाव्यात, जरूर वाटाव्यात. पण डॉक्टरने तिच्या दंडाला पट्टी बांधताना एक प्रश्न विचारावा: बाई, शेत कुणाच्या नावावर आहे? तो प्रश्न निदानाचा भाग आहे असं मी मानतो.

म्हणूनच २००६ चा वनहक्क कायदा मला आरोग्याचा कायदा वाटतो, आणि त्याच्या अंमलबजावणीतली दिरंगाई हा आरोग्याचाच प्रश्न वाटतो. २०२३ च्या जूनअखेर तेलंगण सरकारने पोडू, म्हणजे जंगलातल्या फिरत्या शेतीच्या, जमिनींच्या पट्ट्यांचं वाटप आसिफाबादेपासून सुरू केलं. कवालच्या व्याघ्र प्रकल्पाभोवती, नव्या राखीव क्षेत्रांभोवती मात्र तीच जुनी रेघ पुन्हा आखली जाते आहे. १९४० साली जोडेघाटला ज्या कारणाने माणसं मेली ते कारण अजून निकालात निघालेलं नाही.

मारलावाईत बेटीची समाधी आहे. ती १९८७ साली गेली. हायमेनडॉर्फ १९९५ साली लंडनला वारला, आणि त्याच्या अस्थी २०१२ साली तिच्याशेजारी आणून ठेवल्या. गोंड त्यांच्या नावाने दरवर्षी जमतात. बाहेरून आलेल्या माणसाला त्या लोकांनी कसं आपलं म्हटलं, हे तिथं जाऊन पाहावं. मी तिथं उभा होतो तेव्हा एका म्हाताऱ्या गोंड पाटलाने मला विचारलं, "दादा, तुमचं गाव कोणतं?" मी सांगितलं. त्याला ते माहीत होतं. तिथून आलेली माणसं त्याला माहीत होती. तो पुढे काही बोलला नाही, चहा घ्या म्हणाला.

आमच्या आजोळच्या माडीवर एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात उर्दू मोहरेचे, फसली सनाचे कागद आहेत. सन फसली असेल तर त्यात ५९० मिळवायचे, की इसवी सन येतं. मी ते कागद जाणकाराकडून वाचून घेतो आहे. कुळाच्या रकान्यात एक नाव आहे, आडनावासकट, आणि ते आडनाव गोंडाचं आहे. विदर्भात आणि मराठवाड्यात अशा पेट्या पुष्कळ घरांत असतील. वाचकांना माझं एवढंच सांगणं आहे की त्या उघडा. कागद जाळू नका, वाळवीला देऊ नका. कुळाच्या रकान्यातलं नाव वाचा, लिहून काढा, आणि त्या गावच्या ग्रामसभेकडे त्याची एक प्रत पाठवा.